खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे कधी सोडावेत?

प्रश्न : टाकी भरून तीन आठवडे झाले आहेत. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) व तापमान २६ अंश सेल्सिअस आहे. अमोनिया शून्यावर आला, परंतु नायट्राइटच्या चाचणीत नळीतले पाणी अजून गडद जांभळे होते, म्हणजे नायट्राइट बरेच आहे. आता एखादा क्लाउनफिश (छोटा समुद्री मासा) सोडला तर चालेल का?

उत्तर १ : घाई करू नये. अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू आधी स्थिरावतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे मागाहून वाढतात, त्यामुळे आपली टाकी मधल्या टप्प्यावर आहे. अमोनियाची मात्रा २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) होईल इतके अमोनियम क्लोराइड घालून पाहावे. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच टाकी तयार झाली असे समजावे.

उत्तर २ : वरील कसोटी योग्यच आहे, मात्र नायट्राइटचा बाऊ नको. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइडमुळे ते माशांच्या कल्ल्यांतून फारसे शोषले जात नाही, म्हणून गोड्या पाण्याइतके ते येथे घातक ठरत नाही. खरा धोका अमोनियाचा आहे, कारण ८.१ च्या आसपासच्या पीएचला त्याचा विषारी अंश वाढतो. नायट्राइट असताना नायट्रेटची चाचणी फुगीर आकडा दाखवते, तेव्हा तो आकडा सध्या वहीतही लिहू नये!

उत्तर ३ : वाळूवर तपकिरी थर दिसल्यास ते डायटम (सूक्ष्म शैवाल) असतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. दिवे तूर्त बंद ठेवावेत. मासा सोडण्यापूर्वी नायट्रेट उतरवण्यासाठी बरेचसे पाणी बदलावे.