संडे स्कूल आणि तरुण संघ : ‘प्रभूवर भरवसा ठेवा’ म्हणजे आठवडाभर नेमकं करायचं काय?

प्रश्न : संडेस्कूल_ताई

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत रविवारी मोठ्यांची उपासना चालू असतानाच मागच्या खोलीत संडे स्कूल भरतं. ४ ते १२ वयाची तीसेक मुलं येतात. शनिवारी संध्याकाळी तरुण संघ, त्यात आठवी ते बारावीची दहा-बाराजणं. शिकवायला आम्ही तिघं. पाळकसाहेबांकडे आणखी गावं आहेत, त्यामुळे त्यांना सारखं विचारता येत नाही.

‘प्रभूवर भरवसा ठेवा, तोच चालवील’ असं सगळे सांगतात आणि ते मला पटतंही. पण आठवड्याच्या मध्यावर वही-पेन घेऊन बसलं की त्या भरवशाचं करायचं काय, ते उमगत नाही. तयारी किती करायची आणि प्रभूवर किती सोडायचं? एखाद्या मुलाने मागितलेली प्रार्थना ऐकली गेली नाही, तर त्याला काय सांगायचं? मोठी मुलं ‘देव आहे कशावरून’ असं विचारतात तेव्हा? आणि शिकवणाऱ्याचीच प्रार्थना कोरडी पडली तर?

कृपा करून प्रत्यक्ष उपयोगाचं सांगा.

उत्तर १ : बालवर्ग_नगर

ताई, जय ख्रिस्त. तयारी आणि भरवसा यांची वाटणी करू नका. शनिवारी रात्री घाईत धडा चाळून ‘पवित्र आत्मा सुचवील ते बोलू’ म्हणणं हा भरवसा नव्हे. तीस मुलांचा पाऊण तास त्यात वाया जातो. बायबलमध्ये १ करिंथ ३:६ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की त्याने लावलं, त्याचा सहकारी अपुल्लोस याने पाणी घातलं आणि देवाने वाढवलं. लावणं आणि पाणी घालणं आपल्याकडे आहे, वाढ नाही. म्हणून तयारी पूर्ण करायची आणि मुलाच्या मनात काय रुजलं याचा हिशेब मागत बसायचं नाही.

क्रम असा ठेवा. रविवारी संध्याकाळीच पुढचा उतारा एकदा मोठ्याने वाचा. सोमवार-मंगळवारी तो स्वतःसाठी वाचा. त्या दोन दिवसांत ‘मुलांना काय सांगू’ हा विचार मनात आणू नका. बुधवारी धड्याचं एकच वाक्य लिहून काढा. ते बारा-पंधरा शब्दांत बसत नसेल तर धड्यात दोन धडे कोंबलेत असं समजा. गुरुवारी साहित्य. शुक्रवारी गोष्ट न बघता कोणाला तरी सांगून पाहा. जिथे अडखळाल तिथे मुलांचं लक्ष उडणार हे नक्की.

४५ मिनिटं असतील तर गाण्यांना ८, गोष्टीला १०, सुवचनाला (पाठ करायच्या बायबलमधल्या वचनाला) ७, हातांच्या कामाला १२, प्रार्थनेला ५, उरलेली हजेरीला. चार-पाच वर्षांची मुलं सलग पाच-सात मिनिटांवर ऐकत नाहीत, म्हणून गोष्टीच्या मध्येच त्यांना एकदा उठवा. येशूने याईराच्या मेलेल्या मुलीला उठवलं ती गोष्ट असेल तर ‘मुली, ऊठ’ म्हटल्यावर सगळ्यांनी उभं राहायचं. त्याच गोष्टीत शेवटी येशू तिला खायला द्या म्हणतो (मार्क ५:४३). हे वाक्य बहुतेक शिक्षक गाळतात, आणि मुलांना मात्र तेच सर्वांत जास्त आवडतं. इतक्या मोठ्या चमत्कारानंतर त्या बारा वर्षांच्या पोरीला भूक लागली असेल हे प्रभूच्या ध्यानात आहे. तिथे जरा थांबा.

प्रार्थनेसाठी वही करा. तीस मुलं, सहा दिवस, रोज पाच नावं, दहा मिनिटं. नावापुढे मुलाने काय मागितलं ते आणि तारीख; पलीकडचा रकाना पुढे काय झालं त्यासाठी रिकामा. ‘सगळ्या मुलांना आशीर्वादित कर’ एवढ्यावर थांबलं तर दोन आठवडे न आलेलं मूल आपल्या लक्षातही येत नाही. नाव घेतलं की ते कुठे आहे हा प्रश्न पडतोच, मग घरी जाऊन यायचं.

सुवचन दर आठवड्याला नवीन देऊ नका. एकच सुवचन महिनाभर: पहिल्या रविवारी टाळ्यांच्या तालावर, दुसऱ्या रविवारी फळ्यावरचा एकेक शब्द पुसत, तिसऱ्या रविवारी मुलांच्या स्वतःच्या शब्दांत, चौथ्या रविवारी ‘हे कधी आठवशील?’ असं विचारून. पाठांतराला एकट्याला बक्षीस ठेवलं की तीच दोन मुलं जिंकतात आणि ज्याला नीट वाचता येत नाही ते मूल पोट दुखतंय म्हणून घरी बसतं. म्हणवून घ्यायचं ते गटाकडून.

न ऐकलेल्या प्रार्थनेबद्दल. समजा आजीसाठी सगळ्या वर्गाने प्रार्थना केली आणि आजी गेली. तीन वाक्यं कधीही बोलू नका. ‘विश्वास कमी पडला’: यात मुलाला वाटतं की आजीला आपणच मारलं. ‘देवाला आजी हवी होती’: मग उद्या आईही हवी होईल, या धास्तीने ते देवापासून दूर पळतं. आणि मोठ्यांमध्ये आपण ‘प्रभूमध्ये झोपी गेली’ म्हणतो ते लहानांपुढे नको. चार-पाच वर्षांची मुलं रात्री झोपायला घाबरू लागतात. ‘आजी वारली. तिचं शरीर आता काम करत नाही. आपल्याला वाईट वाटतंय, येशूलाही त्याचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडू आलं. आजी प्रभूजवळ आहे असा आपला विश्वास आहे.’ इतकं पुरे. नंतर मुलाला आजीचं चित्र काढू द्या आणि शेजारी बसून राहा.

उत्तर २ : तरुणसंघ_मिरज

वर लहानांचं छान आलंय. मी मोठ्यांबद्दल लिहितो.

‘देव आहे कशावरून’ हा प्रश्न विचारणारा मुलगा अजून खोलीत बसलाय, ही आधी आनंदाची गोष्ट माना. काळजी करायची ती न विचारणाऱ्याची. दाराशी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, नाव लिहायचं नाही, सगळ्यांना सारखाच कागद आणि सारखंच पेन, म्हणजे अक्षरावरून अंदाज बांधणंही जरा अवघड जातं. ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही कोरी चिठ्ठी टाकायची. हा नियम सोडलात तर चिठ्ठी टाकणारा लगेच ओळखू येतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून डबा रिकामा.

एका शनिवारी दोनच चिठ्ठ्या घ्या. उत्तर येत नसेल तर ‘वाचून पुढच्या शनिवारी सांगतो’ म्हणा, आणि पुढच्या शनिवारी सुरुवात त्यानेच करा. आपण विसरलो तर मुलं विसरत नाहीत. पवित्र शास्त्र स्वतःच शंकेला जागा देतं हे त्यांना उघडून दाखवा: मार्क ९:२४ मधला, आजारी मुलाला घेऊन आलेला बाप एकाच दमात ‘माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा अविश्वास घालवून टाका’ म्हणतो, स्तोत्र १३ ‘कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. ‘शंका घेऊ नकोस, सैतान बोलतोय’ असं एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा तोंड उघडत नाही. बारावीनंतर शिकायला बाहेरगावी गेला की तो मंडळीतही दिसत नाही.

दहावी-बारावीचं वर्ष वेगळं धरा. डिसेंबरपासून बैठक दीड तासावरून ४० मिनिटांवर आणा. क्लास असेल त्याला ‘अभ्यास मोठा की प्रभू?’ असं टोचू नका. न येणाऱ्याच्या घरी जाऊन पाच मिनिटांची प्रार्थना करून या.

परीक्षेच्या प्रार्थनेत गुणांचं वचन देऊ नका. ‘प्रार्थना कर, पास होशील’ हा सौदा झाला, आणि निकाल वाईट लागला की गुणपत्रिकेबरोबर विश्वासही जातो. नीट झोप, आठवण, कॉपी न करण्याचं धैर्य, आणि निकाल काहीही लागला तरी प्रभूजवळ राहण्याची ताकद, हे मागा. निकालाच्या दिवशी पहिला फोन नापास झालेल्याला, दुपारच्या आत. पेढे खायला संध्याकाळी जा. फोनवर उपदेश नको. ‘जेवलास का? मी येतोय’ एवढंच. पुरवणी परीक्षेचा अर्ज दुसऱ्या दिवशी.

शिबिराबद्दल माझं मत थोडं कडक आहे. शेवटच्या रात्री शेकोटी, मंद गाणी, जागरण, आणि मग ‘कोण प्रभूला जीवन देतं, हात वर करा’. अशा वेळी एकाने हात वर केला की शेजारचाही करतो. सोमवारी घरी गेल्यावर त्याला वाटतं की आपलं काहीच खरं नव्हतं.

उत्तर ३ : बालवर्ग_नगर

दादा, इथे थोडा मतभेद. अशा रात्री घेतलेला निर्णय आयुष्यभर टिकलेला आहे, अशी माणसं आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. बोलवायचंच नाही असं नको. पवित्र आत्म्याला शेकोटी वर्ज्य नाही.

उत्तर ४ : तरुणसंघ_मिरज

मान्य, काकू. तेव्हा असं करता येईल. बोलावणं सकाळी, झोप झाल्यावर, गाणं बंद असताना. हात वर करायला न लावता ‘ज्याला बोलायचंय त्याने नाश्त्यानंतर आपल्या गटाच्या दादा-ताईला भेटावं’. आणि पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला अर्धा तास त्याच्याबरोबर मार्कचं शुभवर्तमान वाचणारा माणूस आधीच ठरवलेला हवा. तो नसेल तर बोलावणं पुढे ढकला. प्रभू घाईत नाही.

उत्तर ५ : समुपदेशक_पुणे

एक भाग राहतोय, आणि तो टाळून चालणार नाही.

मूल म्हणालं, ‘तुम्हाला एक सांगू? पण कोणाला सांगू नका’, तर वचन देऊ नका. शब्द असे: ‘तू सांग. तुला सुरक्षित ठेवायला गरज पडली तर मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कोणाला सांगतोय ते तुला आधी कळेल.’ मग ऐका. ‘का गेलीस?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे विचारू नका. उलटतपासणी आपलं काम नाही. बोलणं झाल्यावर लगेच मुलाच्याच शब्दांत लिहून काढा, तारीख-वेळ घाला. ज्याचं नाव घेतलं त्याला विचारायला जाऊ नका, तो पुरावा आणि मूल दोन्ही दाबू शकतो.

१८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती दिसली, तर पॉक्सो कायदा, २०१२च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत. मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन १०९८, चोवीस तास चालू असते. ‘आधी (मंडळीच्या) पंच कमिटीत घेऊ’, ‘मंडळीचं नाव जाईल’ ही वाक्यं इथे ऐकू येतात; कायद्यात त्यांना जागा नाही आणि मत्तय १८:६ मध्ये तर मुळीच नाही. त्या वचनात गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवण्याची गोष्ट आहे, आणि ती लहानग्यांना अडखळवणाऱ्यासाठी आहे. मुलाला ‘क्षमा कर’ असंही तेव्हा सांगू नका. घाईने लादलेली क्षमा ही त्याच्यावरची दुसरी जबरदस्ती ठरते.

प्रार्थना फोन लावायच्या आधी करा, फोनऐवजी नको.

मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला सरळ विचारा, ‘स्वतःला संपवावं असं वाटतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, पालकांना बोलवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ लावा. ‘हे पाप आहे’ त्या घटकेला बोलू नका.

रोजचे नियम: खोलीत दोन मोठी माणसं, दार उघडं, एका मुलाला एकट्याने गाडीवरून सोडायचं नाही, व्हॉट्सॲप गटात दोन पुढारी, रात्री नऊनंतर खासगी चॅट नाही. माणूस कितीही भक्तिमान असला तरी नियम त्यालाही. आपण कोणावर अविश्वास दाखवतोय असं नाही. मुलाला वाचवण्यासाठी कोणाच्या चांगुलपणावर विसंबून राहायला लागू नये, एवढंच.

उत्तर ६ : केडगावकर

कोरड्या प्रार्थनेबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

ताई, तुमच्या प्रश्नातच एक कारण दिसतंय. संडे स्कूल उपासनेच्या वेळी भरतं, म्हणजे तुम्ही तिघं रविवारी संदेश ऐकत नाही, आणि प्रभुभोजनही बहुधा चुकतं. कितीही विश्वास असला तरी न खाता वाढत राहिलं की माणूस बसतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली (१ राजे १९). तर दोनपैकी एक करा. संडे स्कूल उपासनेच्या एक तास आधी भरवा. किंवा पाळ्या लावा: दर रविवारी दोघं शिकवतील, तिसरा उपासनेत बसेल, आणि त्या दिवशी मागच्या खोलीत डोकावणारसुद्धा नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी मुलांना आईबापांजवळ बसवा. तिघांवर भागत नसेल तर सोळा-सतरा वर्षांच्या दोघांना मदतनीस घ्या. दोन मोठी माणसं असण्याचा नियम मात्र त्यांच्यावर भागवू नका.

स्वतःचे शब्द आटले तर स्तोत्रांचे घ्या. रोज एक, मोठ्याने, काही वाटो न वाटो.

पंडिता रमाबाईंचं काम विश्वासावर चाललं असं आपण अभिमानाने सांगतो. केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, त्यांनी १९०५ च्या सुमारास रोजच्या प्रार्थनेसाठी स्त्रिया-मुलींचे गट बसवले हे खरं. तिथेच विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालवला, हेही तितकंच खरं. दुष्काळातून आणलेल्या मुलींना आधी अन्न आणि औषध लागत होतं, आणि ते त्यांनी दिलं.

संडेस्कूल_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळ्यांचं या रविवारीच बोलते. एक राहिलं: शेजारची काही मुलं ख्रिस्ती घरातली नाहीत, पण आवडीने येतात. त्यांचं काय करावं?

उत्तर ७ : बालवर्ग_नगर

आईवडिलांना घरी जाऊन भेटा. वर्गात काय शिकवतो ते स्पष्ट सांगा: येशूच्या गोष्टी, गाणी, प्रार्थना. लेखी संमती घ्या, नाही म्हणाले तर मुलाला प्रेमाने घरी पाठवा. वह्या, खाऊ, नाताळची भेट सगळ्यांना सारखी आणि कशाच्याही बदल्यात नाही. ‘घरी सांगू नकोस’ हे शब्द आपल्या तोंडून कधी निघू नयेत. आईबापांचा मान राखायला सांगणारी आज्ञा आपणच त्यांना शिकवतो. आई दाराशी आली तर तिला आत बोलवून मागे बसू द्या. आणि त्या मुलांची नावं वहीत इतरांच्याच क्रमाने लिहा, वेगळ्या पानावर नको.