बुटीबोरीकडे मेट्रोच्या नावावर प्लॉट विकून राहिले, हे टीओडी काय भानगड हाय?

सेलूचा_कास्तकार:
राम राम मंडळी. आमच्या इकडे (जि. वर्धा) एक एजंट घरोघरी फिरून राहिला, म्हणते बुटीबोरीच्या अलीकडे लेआउट टाकला, नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा तिथूनच जाते, सगळं टीओडीत येते, 4 एफएसआय (प्लॉटच्या चौपट बांधकाम) भेटते, भाव डबल होते. बाबा म्हणतात औंदाच्या कापसाचे पैसे टाकून देऊ. स्टेशन किती दूर विचारलं तं म्हणे "गाडीवर पाच मिनिटं". घ्यावा काय?

वर्धारोड_वाला:
भाऊ, गाडी काढा लागते तं ते टीओडीच नाही 😀 टीओडी म्हणजे ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट: स्टेशनातून उतरून घरी, दुकानात, कामावर पायी जाता आलं पाहिजे म्हणून स्टेशनभोवती दाट बांधू देतात, खाली दुकानं वर फ्लॅट, असा सगळा तो विषय. नागपुरात पहिल्या टप्प्यासाठी मेट्रोच्या दोन्ही बाजूले 500 मीटरचा पट्टा धरला. अन् 4 एफएसआय म्हणजे जास्तीत जास्त, सगळ्यांले नाही. समोरचा रोड किती रुंद, प्लॉट किती मोठा ते पाहतात, वरून प्रीमियम भरा लागते. दीड हजार फुटाच्या प्लॉटवाल्याले त्याचं काय करायचं? दुसरा टप्पा (43.8 किमी, डिसेंबर 2022 ले केंद्रानं मंजूर केला) बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत जाते हे मात्र खरं. एजंटले सातबारा, एनए ऑर्डर (शेतजमीन बिगरशेती केल्याचा आदेश) अन् आरएल (प्लॉटचं रिलीज लेटर) माग आधी.

संत्रा_बर्फी:
हाँगकाँगात जमीन सरकारची, तं मेट्रो कंपनीले स्टेशनवरच्या जागेचे हक्क रेल्वे यायच्या आधीच्या भावानं भेटतात, मग बिल्डरसोबत टॉवर बांधून त्या नफ्यातून लाइनचा खर्च काढते. आपल्या इकडे वाढलेला भाव पह्यले एजंटच्या खिशात जाते.

हिंगणघाटची_काकू:
प्लॉटचं तुमचं तुम्ही पाहा, माझी पोरगी नागपुरात शिकते, आम्हाले स्टेशनपाशी परवडणारी खोली पाहिजे. टॉवर बांधतात अन् सगळे थ्री बीएचके, एक रूम किचन कोणी बांधतच नाही, मग मेट्रोत बसणारी पोरं राहतीन कुठी? अन् वर्ध्याकडून येणारी एसटी खापरी स्टेशनले नीट थांबली तरी लय झालं बापा.

वर्धारोड_वाला:
काकू बरोबर. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत त्याले स्टेशनच्या डोक्यावर घर देऊन मेट्रो भरन काय?

सेलूचा_कास्तकार:
एनए ऑर्डर मागितली तं "पह्यले टोकन टाका मग दाखवतो" म्हणते. बाबाले सांगितलं, तूर्तास विहिरीवर नवीन मोटर बसवू.