पहिलं प्रूफ नाणं घ्यायचंय: स्लॅबमधलं की सुटं?

ओवी_ठाणे
गांधी जन्मशताब्दीचं १९६९ चं चांदीचं दहा रुपयांचं नाणं घ्यायचंय. बजेट पाच हजार, त्यावर एक रुपया नाही. एकाकडे 'प्रूफ' म्हणून सुटं आहे, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात. दुसऱ्याकडे पीएफ ६४ (प्रूफ, दर्जा ६४) चा स्लॅब, म्हणजे ग्रेडिंग करून (दर्जा ठरवून) कडक प्लास्टिकच्या डबीत सील केलेलं नाणं, पण तो बजेटबाहेर. ६४ म्हणजे शंभरापैकी ना? मग एवढी किंमत का?

फोर्टवाला
सुट्या नाण्यावर आधी टाकसाळीची खूण बघा. मुंबईच्या प्रूफवर त्या काळी इंग्रजी 'बी' असायचा, साध्या नाण्यावर हिरा (१९९६ पासून प्रूफवर 'एम' आला). हिरा दिसला की विषय संपला, विक्रेता काहीही म्हणो. प्रूफ म्हणजे नाणं कसं पाडलं ते: ठसा आणि चकती दोन्ही पॉलिश करून, एकापेक्षा जास्त वेळा दाब देऊन. ते नंतर कसं टिकलं, हे आकडा सांगतो.

गणूकाका
पाच हजारात काय येतंय! तंजावरच्या बृहदीश्वराचं हजार रुपयांचं घ्या. २०१० चं, ३५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. माझ्याकडे दोन आहेत, टाकसाळीच्या डब्यासकट.

ओवी_ठाणे
काका, पाच हजार.

मिंटस्टेट_मिलिंद
शंभरापैकी नाही हो, सत्तरपैकी. शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या सेंटसाठी ही मोजपट्टी काढली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागली. ६० ते ७० मधलं प्रूफ म्हणजे न वापरलेलं. ६४ ला बहुधा नाण्याच्या आरशासारख्या भागावरचे केसाएवढे ओरखडे नडतात. दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा, लगेच दिसतील. आकड्यापुढे 'कॅमिओ' आहे का तेही बघा. चेहरा दुधट आणि मागचं मैदान काळंभोर आरशासारखं असेल तर तो शेरा मिळतो, आणि त्याचे पैसे वेगळे. हा फरक सगळ्यात ठळक असेल त्याला एनजीसी 'अल्ट्रा कॅमिओ' म्हणते, पीसीजीएस 'डीप कॅमिओ' (दोन्ही ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्या).

अरुंधती_क
कृपा करून घासू नका!! आमच्या आईने दिवाळीत ताम्हण-पळीबरोबर वडिलांचं प्रूफही चिंचेने लख्ख केलं. ग्रेडिंगला पाठवलं तर 'क्लीन्ड' असा शेरा मारून परत. आकडाच नाही. पाठवायचा खर्च नाण्याच्या किमतीएवढा झाला, ते वेगळंच.

सराफकट्टा
मी तर म्हणतो स्लॅब-बिब सोडा, चांदी मोजा. गांधींचं दहा रुपये १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. पुढची बरीच मोठी नाणी ३५ ग्रॅमची दिसतात, पण चांदी निम्मीच, साडेसतरा ग्रॅम. आजच्या भावाने गुणा. त्यावर जे द्याल ते हौसेचे.

गणूकाका
म्हणूनच म्हटलं बृहदीश्वर घ्या. ३५ ग्रॅमची अठ्ठावीस ग्रॅम चांदी होते.

राणीछाप
आणि ब्रिटिश काळातली 'प्रूफ' कोणी दाखवली तर सावध. मुंबई टाकसाळीने जुन्या ठशांवरून नंतरही प्रूफ पाडून दिलीत. ती रीस्ट्राइक, अस्सल जुन्याच्या किमतीला घेऊ नका.

फोर्टवाला
रीस्ट्राइकही टाकसाळीचीच असते, नकली नव्हे.

राणीछाप
नकली कोण म्हणालं? किंमत वेगळी म्हणालो. नीट वाचा.

मिंटस्टेट_मिलिंद
दोघांनी वेगळा धागा काढा. ताई, त्या मऊ पाकिटाचं राहिलंच. ते पीव्हीसीचं असेल तर नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. सुरुवातीचा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो. घासायचं नाही, टिपायचंही नाही, तसंच सुकू द्यायचं. खाली धातू खाल्ला गेला असेल तर उपाय नाही.

अरुंधती_क
घासायचं नाही, मी आधीच सांगितलंय.

ओवी_ठाणे
सगळ्यांचे आभार. सुट्यावर भिंगाने हिराच दिसला. विक्रेता म्हणाला, "मॅडम, चमकतंय ना, मग प्रूफच." तरी घेतलं, साध्या नाण्याच्या भावात. उठाव छान आहे, गांधीजींच्या गालावर एक ओरखडा आहे तो मला चालतो. पैसे उरले.

गणूकाका
उरले ते बृहदीश्वरासाठी ठेवा.

नवीन_सभासद
माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. दहा लाख मिळतात म्हणे. कुठे विकू?