टाटाने सेडानकडे पाठ फिरवली, आता बटणांकडेही. बरोबर केलं का?

डिकीप्रेमी:
टाटाचं गणित मला खरंच कळत नाही राव. २००२ ला इंडिगो ही सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, आणली, मग २००८ ला इंडिगो सीएस आणून चार मीटरच्या आत डिकी बसवून दाखवली. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या (चार मीटरच्या आतल्या) गाड्यांचा टॅक्स कमी झाला होता, त्याचा फायदा सेडानमध्ये सगळ्यात आधी यांनीच उचलला, मारुतीने डिझायरची शेपटी कापली ती २०१२ ला. आणि आज बघा, डिझायर महिन्याच्या महिन्याला टॉप टेनमध्ये आणि यांच्याकडे २०१७ ची टिगॉर, तिला कोणी विचारत नाही. मांझा आली गेली, झेस्ट आली गेली. कर्व्ह काढली तीपण कूपे एसयूव्ही, म्हणजे मागे उतरत्या छपराची उंच गाडी म्हणे, अरे तेवढ्या लांबीत मस्त सेडान झाली असती की. आणि वर केबिनमध्ये २०२३ च्या नेक्सॉनपासून एसीचं पॅनल काळं चकचकीत टच. हे मागितलं कोणी??

खड्डेश्वर:
मागितलं आम्ही 😀 सेडान घेऊन आमच्या रस्त्याला या एकदा, प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासतं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सेडानमध्ये खाली बसवायचं आणि परत वर ओढायचं म्हणजे दोन माणसं लागतात, उंच गाडीत स्वतः चढतात उतरतात. कंपनी लोक घेतात तेच बनवणार ना, का तुमच्या आठवणींसाठी कारखाना चालवणार?

वायरमन_पिंपरी:
मुख्य मुद्दा प्लॅटफॉर्मचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा आहे, तो दोघंही सोडताय. टिगॉर ईव्ही (इलेक्ट्रिक) आली ती पेट्रोल गाडीच्या सांगाड्यावर. बॅटरी बसवायला जागा नाही मग डिकी खाल्ली, ४१९ लिटरची ३१६ झाली. म्हणजे सेडान घ्यायची डिकीसाठी आणि डिकीतच बॅटरी. वर तीच गेली टॅक्सीवाल्यांकडे एक्सप्रेस-टी नावाने, आणि टॅक्सी म्हणून दिसायला लागली की घरच्या गिऱ्हाइकाला नको होते.

डिकीप्रेमी:
टॅक्सीचं कारण पटत नाही. डिझायरच्या टॅक्सी गल्लोगल्ली आहेत तरी लोक लग्नात जावयाला तीच देतात.

खड्डेश्वर:
@वायरमन आता तर टाटाचा ॲक्टी-ईव्ही हा इलेक्ट्रिकचा प्लॅटफॉर्म आहे ना, जानेवारी २०२४ पासून, पंच ईव्हीपासून. प्युअर ईव्ही.

वायरमन_पिंपरी:
प्युअर हे जाहिरातीतलं. पंच ईव्हीची बॉडी पेट्रोल पंचचीच आहे, बॉनेटखाली १४ लिटरची जागा काढलीय, त्यात चार्जरची वायर आणि एक वडापाव मावेल. महिंद्राचा इंग्लो प्लॅटफॉर्म बघा, इंजिनचा विचारच नाही त्यात, त्यावरच्या एक्सईव्ही ९ई ला पुढे १५० लिटर मिळते. हॅरियर ईव्हीला मात्र टाटाने मागे मोटर देऊन, ७५ किलोवॅट-तासाची बॅटरी बसवून काम नीट केलंय, ते मान्य.

सौ_ड्रायव्हिंग_सीट:
इंग्लोवर महिंद्राने तरी कुठे सेडान काढली? त्यांचीपण एसयूव्हीच.

खड्डेश्वर:
तेच म्हणतोय ताई! बॅटरी गाडीच्या तळात गेली की गाडी उंच होणारच.

डिकीप्रेमी:
होणारच काय होणारच. टेस्लाची मॉडेल ३ सेडान आहे, बीवायडी सील सेडान आहे, दोन्हीची बॅटरी तळातच. उलट गाडी बसकी असली की हवा कमी अडते, तेवढ्याच बॅटरीत जास्त पळते. मर्सिडीजची ईक्यूएस सेडान २०२२ ला इथे आपल्या चाकणला असेंबल व्हायला लागली, गाड्या तपासणाऱ्या एआरएआय संस्थेच्या हिशोबाने एका चार्जला रेंज ८५७ किमी.

खड्डेश्वर:
दीड कोटीची गाडी उदाहरणाला 🙏

सौ_ड्रायव्हिंग_सीट:
बटणांवर कोणी बोलतच नाही, मला तोच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. २०२२ ला स्वीडनच्या एका मासिकाने टेस्ट घेतली होती, ताशी ११० च्या स्पीडला एसी रेडिओ वगैरे ठरलेली कामं करायची. जुन्या २००५ च्या व्होल्वोत बटणांनी १० सेकंद लागले, टचस्क्रीनवाल्या एका एमजीत ४४.६, म्हणजे तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरच्या पुढे गेली! आता युरो एनसीएपी ही गाड्यांच्या सेफ्टीला मार्क देणारी युरोपची संस्थापण २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना खरी बटणं नसतील तर मार्क कापणार, आणि फोक्सवॅगन आवाज, पंखा, तापमान यांची बटणं परत आणतेय. जग मागे वळतंय आणि आपण आत्ता तिकडे निघालोय.

खड्डेश्वर:
नेक्सॉनमध्ये तापमान आणि पंख्याला खटके ठेवलेत हो, सगळं टच नाहीये. शिवाय मराठीत बोललं तरी गाडी ऐकते.

सौ_ड्रायव्हिंग_सीट:
मागे दोन पोरं भांडत असताना गाडी माझं ऐकणार? नवरा ऐकत नाही. आणि ते खटके सोडून हवा पायावर घ्यायची का काचेवर, ते टचवरच ना? पावसात घाटात काचेवर धुकं आलं की तेच लागतं, आणि नेमकं ते बघून दाबायचं.

खड्डेश्वर:
ऑटो मोड लावा की.

डिकीप्रेमी:
मूळ मुद्द्यावर या. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीला १८ टक्के जीएसटी, मोठीला ४०, म्हणून पेट्रोल सेडान चार मीटरात कोंबतात आणि ती तशीच दिसते. पण इलेक्ट्रिकला लांबी कितीही असो, ५ टक्केच! म्हणजे २००८ ला ज्या नियमासाठी शेपटी कापली तो नियम इलेक्ट्रिकला लागूच नाही. साडेचार मीटरची, नीट डिकीची सेडान काढायला अडवलंय कोणी?

खड्डेश्वर:
अडवलंय गिऱ्हाइकाने. कर्व्ह ईव्ही साडेसतरा लाखांपासून आली होती, तुमची सेडान त्याच्या खाली येत नसते. तेवढे पैसे हातात असताना शोरूममध्ये शेजारी उंच गाडी उभी असेल तर घरचे तुम्हाला सेडान घेऊ देतील का, ते आधी विचारून या.

डिकीप्रेमी:
विचारलं. बायको म्हणते सनरूफ आहे का 😑