परप्रांतीय मुलांना पहिलीपासून मराठी माध्यमातच बसवावं का?

भांडुपकर
मुंबई पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, इंग्रजी. मुंबईतच वाढणाऱ्या पोरांची अशी वाटणी कशाला? हिंदी माध्यमात मराठी असते, पण 'सुलभभारती' या पाठ्यपुस्तकापुरती. तास संपला की वर्गात मराठी ऐकू येत नाही. २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत विषय सक्तीचा केला, एक लाखापर्यंत दंडही ठेवला. विषय आला, भाषा नाही. मराठी वर्गात बसवा, वर्षभरात बोलायला लागतील.

रेघोटी
बोलतील हो, शिकतील का? मैदानावरची भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकी भाषेला पाच ते सात लागतात. कॅनडाचे भाषाशिक्षण-संशोधक जिम कमिन्स हे कधीपासून सांगताहेत. तिसरीचं शाब्दिक उदाहरण घ्या. भागाकार येणारं मूल 'प्रत्येकी', 'पैकी', 'उरलेल्या' यांवर अडतं आणि गणितात कच्चं ठरतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ शक्य तोवर मातृभाषाच म्हणतं, राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क सुद्धा तेच.

भांडुपकर
घरी भोजपुरी किंवा मैथिली बोलणाऱ्या पोराला हिंदी माध्यम ही मातृभाषा कधीपासून झाली? तीही शाळेतच शिकायची. मग इथली का नको?

फ्रीमाँटवासी
कॅलिफोर्नियाने हे करून पाहिलंय. १९९८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव २२७ ने इंग्रजी न येणाऱ्या मुलांना साधारण वर्षभर खास इंग्रजी वर्ग, मग थेट नेहमीच्या वर्गात, असा नियम आणला. २०१६ मध्ये मतदारांनीच प्रस्ताव ५८ ने तो मोडीत काढला.

खडू_डस्टर
माध्यमावर भांडण्यात जून निघून जातो. भोजपुरी मुलाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो पहिलीला आलेल्यापुरता. खरी अडचण दिवाळीनंतर येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाची. दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम ५), कलम ४ प्रमाणे तो वयानुरूप पाचवीत बसतो. सोबतच्या विशेष प्रशिक्षणात मागच्या इयत्तांचा अभ्यासक्रम कोंबला की भाषा राहूनच जाते. आधी तोंडी चाचणी घ्या. मग तीन महिने रोज एक तास फक्त ऐकणं-बोलणं. गणिताचे पन्नासेक शब्द चित्रांसह भिंतीवर लावा, चाचणीत प्रश्न वाचून दाखवा. देवनागरी येणाऱ्याला 'ळ' आणि सामान्यरूपं पुरतात. उर्दूतून आलेल्याला लिपीच नवी, त्याचा गट वेगळा ठेवा.

रेघोटी
आणि हा रोजचा तास घेणार कोण? ज्यांना निवडणुकीची कामं लावतात, तेच ना?