प्रूस्तच्या मादलेनचा फोटो: फुगवटा येत नाही, चहावर तवंग दिसतो

पुस्तककिडा: फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तच्या 'इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम' या कादंबरीतला (पहिला खंड, १९१३) मादलेन-चहाचा प्रसंग करून फोटो काढायचाय. मादलेन म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा छोटा केक; तो चहात भिजवून चाखताच निवेदकाला बालपण आठवतं. सिलिकॉन साच्यातल्या मादलेन फिक्या आणि चपट्या होतात. बुडवल्या की चहावर तुपकट तवंग येतो. आणि इंग्रजी अनुवादातला तो 'लाइम ब्लॉसम' चहा म्हणजे लिंबाच्या फुलांचा का?

भट्टीवाला: आधी साचा बदला. सिलिकॉन उशिरा तापतं, म्हणून कडा करपत नाहीत आणि रंगही चढत नाही. पत्र्याचा घ्या. १६-१८ नगांना: २ अंडी, ९० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल, १०० ग्रॅम बिनमिठाचं बटर वितळवून कोमट केलेलं. गरम ओतलंत तर अंडं शिजेल. मैदा घातल्यावर फेटत बसू नका, चिवट होतं. पीठ रात्रभर फ्रिजात, साचाही थंड. पाऊण भरून २२० अंशांवर ४-५ मिनिटं, मग १९० वर आणखी ४-५. कडा आधी घट्ट होतात, मधलं थंड पीठ मागाहून फुगतं आणि वाट मिळेल तिथून वर येतं, फुगवटा त्यातूनच.

पानोपानी: लिंबाशी काही संबंध नाही. ती लिंडन झाडाची फुलं (इंग्रजीत या झाडाला लाइमही म्हणतात), फ्रेंचमध्ये 'तियल'. सुकी फुलं १ मोठा चमचा, २०० मिली उकळतं पाणी, झाकून ६-७ मिनिटं. रंग फिकट पिवळा. नाही मिळाली तर दिसण्यापुरता कॅमोमाइल फुलांचा चहा चालेल.

पण आधी ठरवा, कुठला प्रसंग? हिवाळ्यात निवेदकाला आई देते तो साधा चहा. तियल येतो तो आठवणीत, निवेदकाच्या बालपणीच्या कोंब्रे गावातल्या रविवारच्या सकाळी, लेओनीमावशीच्या खोलीत. आणि सगळे काढतात तो हाताने अख्खी मादलेन बुडवण्याचा फोटो पहिल्या प्रसंगाचा नव्हेच. तिथे तुकडा चहात मऊ होतो आणि तो चहा चमच्याने तोंडाशी जातो. चमचा हवाच!

खिडकीचा उजेड: चमचा असेल तर तवंगाचं कामच सोपं. दोन कप ठेवा. एकात तुकडा भिजवा, तो फोटोत नको. चमच्यात दुसऱ्या कपातला स्वच्छ चहा घ्या आणि भिजलेला चुरा चिमट्याने सोडा. ताजी मादलेन नीट चुरत नाही. आदल्या दिवशीची, रात्रभर उघडी ठेवलेली घ्या. ताटलीतल्या मात्र ताज्या, शिंपल्याच्या रेघा वर करून. त्या रेघांना उजेड बाजूने हवा, समोरून पडला की सपाट दिसतात. वाफ पकडायची तर उजेड मागून आणि पाठीमागे गडद कापड. पण मग तवंगही चमकतो, म्हणून वाफेचा फोटो वेगळा काढा.

पुस्तककिडा: पत्र्याच्या साच्याला बटर-मैदा लावला की रेघांत पांढरं राहतं.

भट्टीवाला: मैदा जास्त होतोय. वितळलेलं बटर ब्रशने लावा, साचा फ्रिजात ५ मिनिटं, मग मैदा भुरभुरवून साचा उलटा आपटा. तरी राहिलं तर भाजल्यावर कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या कपड्याने पुसू नका. चिकट डाग पडतात.