फॉलिक अ‍ॅसिड की मिथाइलफोलेट? चान्स घेतोय, सुचवा

मधुरा_नाशिक: पुढच्या महिन्यापासून चान्स घेणार आहोत. डॉक्टरांनी आत्ताच फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायला सांगितलंय, पण किती मिग्रॅ ते लिहिलं नाही. मेडिकलवाल्यांनी दोन पट्ट्या पुढे ठेवल्या: साधी ५ मिग्रॅची, अगदी स्वस्त, आणि एल-मिथाइलफोलेट, बरीच महाग. जाऊबाई म्हणतात, फॉलिक अ‍ॅसिड वापरायला शरीराला लागणाऱ्या एमटीएचएफआर जीनमध्ये दोष असेल तर साधी गोळी लागूच पडत नाही. मी शाकाहारी, आजार काही नाही. कुठली घेऊ?

फार्मसीताई: मधुरा, साधं फॉलिक अ‍ॅसिडच घे. बाळाच्या मेंदू-मणक्याचे दोष टळतात हे ज्या चाचण्यांत सिद्ध झालं, त्यांत हेच दिलं होतं. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळाला असा दोष असलेल्या बायकांना रोज ४ मिग्रॅ दिल्यावर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. मिथाइलफोलेटने रक्तातली फोलेटची (याच जीवनसत्त्वाची) पातळी वाढते, पण दोष टळतात असा पुरावा त्याच्या बाजूने नाही. जाऊबाईंना सांग, त्या जीनच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी रक्तातलं फोलेट जेमतेम १६ टक्के कमी भरतं. गोळी लागू पडते. त्या तपासणीवर पैसे घालवू नकोस.

डोस मात्र नीट विचारून घे. एरवी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, ५ मिग्रॅ म्हणजे त्याच्या बारापटीहून जास्त. तो मोठा डोस आधीच्या बाळाला दोष असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर देतात.

सई_आई: आणि दिवस जायची वाट बघू नका. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत, ज्या नळीतून बाळाचा मेंदू-मणका बनतो ती मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. निदान महिनाभर आधी सुरू करून गरोदरपणाचे १२ आठवडे होईपर्यंत घ्या.

मधुरा_नाशिक: पालक-मेथी रोज असते घरात. तरीही लागेल?

फार्मसीताई: हो. भाजी शिजवताना फोलेट बरंच जातं. भाजी खा, गोळीही घे. आणि शाकाहारी आहेस, तर बी१२ तपासून घेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं बी१२ कमी निघालं. ज्यांचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. महागड्या गोळीचे पैसे बी१२च्या तपासणीला वापर.